परिपत्रक फक्त मुलींच्या आयांनाच का?

प्रति,
इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीचे सर्व पदाधिकारी,
आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन यांस,

विषय: गणेशोत्सवातील नाचाची क्लिप, तिच्यावरचे शेरे आणि त्यानंतर निघालेले परिपत्रक

सप्रेम नमस्कार.

यंदा गणपतीनंतर आपल्यातल्या एका मंडळाने सभासदांना परिपत्रक पाठवलं. सांस्कृतिक कार्यक्रमात मुलींनी पोशाखाचं भान ठेवावं, मंडपात रील करू नये, स्वतःचे व्हिडिओ सोशल मीडियावर टाकू नयेत आणि ‘मातांनी आपल्या मुलींकडे विशेष लक्ष द्यावे’. वर गणपतीचं चित्र, खाली सचिवांची सही. मंडळाचं नाव मी लिहिणार नाही, कारण नाव आलं की मुलगी ओळखू येईल. शिवाय तशीच वेळ आली असती तर आपल्यातल्या कुठल्याही मंडळाने हेच परिपत्रक काढलं असतं अशी माझी धारणा आहे, म्हणून पत्र सगळ्यांना.

ज्या घटनेमुळे हे परिपत्रक निघालं ती घटनाच त्यात नाही. झालं होतं ते असं. कार्यक्रमात मुलींचा समूहनाच होता. नऊवारी, नथ, खोपा, सगळं महिला शाखेने ठरवलेलं, तालमी मंडळाच्याच हॉलमध्ये बसवलेल्या. पुढच्या रांगेतून कोणीतरी तो मोबाइलवर घेतला. त्यातले काही सेकंद कापले, वेग कमी केला, एका मुलीवर झूम केलं, वर एक घाणेरडी ओळ चिकटवली आणि क्लिप फिरायला सोडली. मुलीने स्वतः काहीही टाकलं नव्हतं. नऊवारीपेक्षा मर्यादशील पोशाख कोणता, हे सचिवांनी मला एकदा समजावून सांगावं. आणि ज्याने चित्रण केलं, ज्याने कापलं, ज्यांनी पुढे पाठवलं, त्यांच्याबद्दल त्या पानभर मजकुरात एक ओळ का नसावी?

परिपत्रकाच्या आधी ग्रुपवर जे चाललं होतं ते मी वाचलं, तुम्हीही वाचलं. ‘फुटेज खायची हौस.’ ‘पापा की परी.’ ‘आता रडायचं कशाला, व्ह्यूज मिळाले ना!’ ‘हिच्या घरी बघायला कोणी नाही का?’ एका काकूंनी ‘उठवळ’ असं लिहिलं. हा शब्द मी जुन्या कादंबऱ्यांबाहेर कधी पाहिला नव्हता, तो असा मोबाइलवर भेटला. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘अहो, मुलीचं वय तरी बघा’ एवढं म्हटलं. त्यावर हात जोडलेल्या पाच-सहा इमोजी आल्या आणि विषय दिवाळी पहाटेच्या पासांकडे वळला. क्लिप बनवणाऱ्याबद्दल त्याच ग्रुपवर दोनच मतं पडली. एक, ‘पोरं आहेत, मस्ती करतात.’ दुसरं, ‘कळलं कोण ते, तर समज देऊ.’

लोकांनी आपल्याकडे बघावं असं वाटणं हा जणू मुलींनाच होणारा रोग आहे, अशा थाटात आपण बोलतो. तुमच्या मंडपाबाहेरचा फ्लेक्स आठवा. गणपती मध्ये अंगठ्याएवढा आणि भोवती अध्यक्ष, उपाध्यक्ष, मार्गदर्शक, प्रेरणास्थान, सौजन्य असे चाळीस चेहरे, सगळे हात जोडून. ढोलपथकातली मुलं शर्टाची बटणं उघडी टाकून स्लो मोशनमध्ये ढोल फिरवतात, त्या रीलखाली आपण ‘जय भवानी’ लिहितो. एक काका रोज पहाटे स्वतःचा फोटो लावलेला सुविचार पाठवतात. त्यांना कोणी ‘फुटेज खाताय का’ असं विचारलेलं नाही. विचारूही नये, माणसाला दिसावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. मलाही पुष्कळ रीलं पाहवत नाहीत. छप्पन दुकानवर रीलसाठी पोह्यांच्या प्लेटशीच, ती गार होईपर्यंत, गप्पा मारत बसलेली मुलगी बघून मला वैताग येतो, आणि तिथेच बुलेटला टेकून केस उडवणारा मुलगा बघूनही येतो. हा आवडीनिवडीचा प्रश्न झाला. रील आवडलं नाही तर बोट वर सरकवावं. खाली शिवी लिहिली तर ॲप तिलाही प्रतिसाद म्हणूनच मोजतं आणि ते रील आणखी चार जणांपुढे नेऊन ठेवतं. ‘व्ह्यूजसाठी काहीही करतात’ असं लिहिणारे ते व्ह्यूज वाढवायलाच हातभार लावत असतात.

सप्टेंबर २०२१ मधला प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. आपल्या रसोमा चौराह्यावर लाल दिवा असताना एका तरुणीने झेब्रा क्रॉसिंगवर नाच केला आणि तो व्हिडिओ देशभर गेला. खुद्द राज्याच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम २९० लागलं, सार्वजनिक उपद्रवाचं. त्याची शिक्षा म्हणजे २०० रुपयांपर्यंत दंड. वाहत्या रस्त्यावर सिग्नलला नाचू नये, हे मला शंभर टक्के मान्य. पण कायद्याने ज्या गोष्टीची किंमत २०० रुपये धरली, तिच्यासाठी लोकांनी तिचं चारित्र्य, तिचे कपडे, तिचे आईबाप, सगळं वसूल केलं. भारताने सामना जिंकला की राजवाड्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत रस्ता अडलेला असतो, पोरं गाड्यांच्या टपांवर चढून नाचतात. पोलीस कधी हुसकावतात, कधी दंडुकाही पडतो. पण ‘मातांनी आपल्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे’ असं त्या रात्री कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि जिला लक्ष नकोच असतं तिचं काय? जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात आपल्या महेश्वरकडची एक मुलगी माळा विकायला गेली होती. तिचे डोळे कोणाच्या तरी कॅमेऱ्यात आले आणि मग असा गराडा पडला की माळा विकणंच अशक्य झालं. घरच्यांना तिला परत पाठवावं लागलं. पुढे तिने प्रसिद्धीच्या दुनियेत पाऊल टाकलं तो तिचा निर्णय, पण त्या पहिल्या आठवड्यात ती फक्त धंदा करत होती आणि बाकीचे तिच्यावर आपले व्ह्यूज कमवत होते. तरीही ‘तिलाही आवडतंय’ म्हणणारे होतेच.

थोडं विषयांतर करते, पण इंदूरच्या मराठी माणसाला सांगायलाच हवं असं ते आहे. आपल्या जुन्या घरांतून एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले: ‘त्या नाचणारीपायी महाराजांची गादी गेली.’ ती नाचणारी म्हणजे मुमताज बेगम, होळकर दरबारातली नर्तकी. ती दरबार सोडून निघून गेली आणि मुंबईत अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याबरोबर राहू लागली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून तिला पळवण्याचा प्रयत्न झाला. बावलांना गोळ्या घातल्या, ते मेले. तिच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. वाटेने जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती हाती लागली नाही. खटल्यात आरोपींच्या पिंजऱ्यात इंदूर दरबारची माणसं होती, तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. सरकारने चौकशी आयोगाचा पर्याय पुढे ठेवला तेव्हा इंदूरचे महाराज तुकोजीराव तिसरे यांनी चौकशीला सामोरं जाण्याऐवजी १९२६ मध्ये गादी सोडली. मोटार पुरुषांनी अडवली, गोळ्या पुरुषांनी झाडल्या, चौकशी टाळायचं पुरुषाने ठरवलं. आणि माजघरातल्या वाक्यात गादी घालवली ती तिने! तिने केलं काय होतं, तर निघून गेली होती.

अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीला २०२५ मध्ये आपण सगळ्यांनी भाषणं केली. त्याच वर्षी मुमताज बेगमच्या त्या संध्याकाळीलाही शंभर वर्षं झाली, तिची आठवण कोणी काढली नाही. काढायला हवी होती असा माझा हट्ट नाही. ते वाक्य मात्र अजून शाबूत आहे, ग्रुपवर ते नव्या कपड्यांत फिरतं, एवढंच म्हणायचंय.

आपल्या शहराचा आणखी एक हिशेब राहिलाय. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाचं ॲप गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपले कोड ठेवतात त्या वेबसाइटवर, निघालं. मुस्लिम स्त्रियांचे, त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, त्यांच्याच खात्यांवरचे फोटो उचलून ‘आजचं डील’ म्हणून लिलावाला मांडल्यासारखे दाखवायचे. नावातला पहिला शब्द म्हणजे मुस्लिम बाईला दिलेली शिवी. जानेवारी २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी हे ॲप बनवल्याच्या आरोपावरून ज्या तरुणाला धरलं, तो इंदूरमध्ये सापडला. इथेच शिकलेला, इथल्याच वसाहतीत राहणारा. तेव्हाही मी ऐकलेली प्रतिक्रिया काय, तर ‘या बायका फोटो टाकतातच कशाला?’ वाढत्या वयाच्या मुलांना सोबत घेऊन बसावं, ते कॉम्प्युटरवर काय करतात ते विचारावं, असं तेव्हा एकाही मंडळाला सुचलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येते.

मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. ऑनलाइन धमक्यांची प्रकरणं माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या मुलींचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: ‘बाबांना कळता कामा नये.’ धमकी देणारा कोण, तो किती मागतो, फोटो खरा की खोटा, हे सगळं नंतर येतं. आधी घर आणि घरानंतर लगेच समाज. समाज म्हणजे तुम्ही-आम्हीच.

धमकी देणाऱ्याच्या हाती असतं काय, याचा जरा विचार करा. एक फोटो किंवा एक क्लिप. पुष्कळदा तीही बनावट, चेहरा एकीचा आणि अंग दुसरीचं. हल्ली ते काम मोबाइलवरचं ॲप करून देतं. नुसत्या चित्राला मोल नसतं. ते चढतं ते चित्र पाहून लोक काय बोलतील यावर. म्हणून त्याची धमकी ‘पोलिसांना दाखवीन’ अशी कधी नसते. ‘तुझ्या कॉलोनीच्या ग्रुपवर टाकीन’, ‘तुझ्या आत्याला पाठवीन’, ‘मंडळात तोंड दाखवता येणार नाही’ अशी असते. ‘उठवळ’, ‘फुटेज’, ‘हिलाच हौस’ हे शब्द आपण लिहितो तेव्हा त्या मुलीपुरते लिहितो असं आपल्याला वाटतं. ते वाचणाऱ्या बाकीच्या मुली मनात नोंद करतात, की आपल्यावर वेळ आली तर इथे हेच ऐकायला मिळेल. आणि धमकी देणारा नोंद करतो की इथे आपलं काम होईल. त्याच्या धंद्याचं अर्धं भांडवल आपण पुरवतो, तेही बिनव्याजी.

कायद्याला हे फार जुन्या काळापासून कळलेलं आहे. जिवे मारण्याची धमकी आणि स्त्रीच्या चारित्र्यावर लांछन लावण्याची धमकी या दोन्ही १८६० च्या दंड संहितेने एकाच ओळीत बसवल्या होत्या. आताच्या भारतीय न्याय संहितेत त्या कलम ३५१ च्या तिसऱ्या पोटकलमात आहेत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. लांछनाच्या भीतीने बाई कुठपर्यंत ढकलली जाते याचा अंदाज त्या इंग्रज मसुदाकारांनाही होता. आपल्याला तो अजून आलेला दिसत नाही, कारण लांछन लावण्याचं काम आपण फुकटात आणि सकाळच्या चहाबरोबर करतो.

मग ती गप्प राहते. पैसे देते, आईची अंगठी मोडते, आणखी फोटो पाठवते, तो बोलावेल तिथे जाते. तिला तुमची भीती जितकी जास्त, तितके दिवस त्याच्या पदरात पडतात.

याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवून बघा, तेही आपल्यातलंच. निवृत्त गृहस्थांना फेसबुकवर अनोळखी बाईची फ्रेंड रिक्वेस्ट येते, दोन दिवस गोड गप्पा होतात, मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. पलीकडे विवस्त्र बाई दिसते, तीही बहुतेकदा आधी रेकॉर्ड केलेली. इकडचा चेहरा त्या पडद्यासकट टिपला जातो आणि तासाभरात पैशाची मागणी सुरू होते. पैसे दिले की काही दिवसांनी ‘सीबीआयमधून बोलतोय’ म्हणणारा तोतया अधिकारी, व्हिडिओ काढून टाकायचे वेगळे पैसे मागणारा. अशा प्रकरणात ग्रुपवर काय लिहिलं जातं? ‘सावधान! आपले एक ज्येष्ठ सभासद फसवले गेले.’ नाव गुप्त ठेवलं जातं, हेल्पलाइनचा नंबर दिला जातो, सायबर सुरक्षेवर व्याख्यान ठेवलं जातं. हे सगळं योग्यच आहे. त्या काकांना ‘कॉल उचललाच कशाला’, ‘या वयात हौस’ असं कोणी विचारलं नाही, हे मला मनापासून बरं वाटलं. तेच सौजन्य सतरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला का येऊ नये, एवढंच विचारते. सतरा वर्षांच्या मुलालाही ते मिळत नाही, हेही नोंदवते. त्याला असंच अडकवलं तर ‘मर्द ना तू, मग घाबरतोस काय’ म्हणून त्याचे मित्रच हसतात, आणि तो मुलींहूनही उशिरा बोलतो. माझ्याकडे आलेल्या अशा एका मुलाने आधी बहिणीला सांगितलं होतं. वडिलांना सांगायची छाती झाली नव्हती.

‘पण तिने स्वतःच पाठवला ना फोटो?’ हा प्रश्न मला कोर्टाच्या आवारात सुशिक्षित माणसांनी विचारला आहे. त्याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलेलं आहे. न्याय संहितेच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की स्त्रीने चित्र घेऊ द्यायला संमती दिली असली, पण ते तिसऱ्याला द्यायला दिली नसली, तर ते पसरवणं हा गुन्हाच. एकाला दिलेली संमती ही गावाला दिलेली संमती होत नाही. आणि ‘मी बनवलं नाही, मी फक्त पुढे पाठवलं’ याचंही उत्तर आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याइतकंच तो प्रसारित करणाऱ्यालाही लागतं. मुलगी अठरा वर्षांखालची असेल आणि मजकूर लैंगिक असेल, तर त्याच कायद्याचं ६७-ब आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्रण फोनमध्ये साठवून ठेवणंही सुटका देणारं नाही. ‘बघून डिलीट करणार होतो’ हे काकांनी जपून म्हणावं.

त्या क्लिपच्या प्रकरणात ‘समज देऊ’ ते कसं पार पडलं हेही इथे लिहायला हवं. मुलगा सापडला. चांगल्या घरातला निघाला, असे बहुतेक चांगल्याच घरातले असतात. त्याचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन मुलीच्या घरी गेले, सोबत दोन पदाधिकारी. मुलाने वाकून नमस्कार केला, ‘ताई, चुकलो’ म्हणाला. प्रकरण मिटलं असं कार्यकारिणीला कळवण्यात आलं. मुलीला मिटवायचं होतं का, हे विचारल्याचं ऐकिवात नाही. याच शहरातला एक आदेश तुम्हाला आठवत असेल. ३० जुलै २०२० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्याने पत्नीसह तक्रारदार बाईच्या घरी जावं, सोबत मिठाई न्यावी, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून ११,००० रुपये द्यावेत. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि देशभरच्या न्यायालयांना बजावलं, की आरोपीला पीडितेच्या दारात नेणाऱ्या, तडजोड सुचवणाऱ्या अटी घालू नका. न्यायालयाला जे करायला मनाई झाली ते मंडळाने पेढ्यांवर करावं, हे मला पटलेलं नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिकाही काढली. बाईबद्दल निकालपत्रात कोणते शब्द वापरू नयेत, त्यांची यादीच तीत आहे. मंडळाच्या वाचनालयात तिची एक प्रत असायला हरकत नाही, दिवाळी अंकांच्या शेजारी.

ॲडमिन मंडळींना स्वतंत्रपणे. तुम्हाला घाबरवायचा माझा हेतू नाही. गोंदियाच्या एका प्रकरणात ग्रुपमधल्या सदस्याने एका महिला सदस्याला घाण शब्द वापरले, ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. सदस्याच्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे, असं सांगितलं. म्हणजे कायदा तुम्हाला सोडतो. पण त्याच निकालात ॲडमिनला माणूस घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार असतो हेही मान्य केलेलं आहे, आणि २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. कार्यक्रमाच्या जेवणाचा मेनू फुटला तेव्हा तुम्ही तो संदेश चुटकीसरशी पुसला होता. ती क्लिप सकाळपासून दुपारपर्यंत ग्रुपवर होती.

फक्त पुसायच्या आधी पुरावा ठेवा. मुलीच्या घरचे घाबरून सगळं डिलीट करतात आणि मग माझ्यासारखीने पोलिसांना दाखवायचं काय? कोणत्या नंबरवरून, किती वाजता, कोणत्या ग्रुपवर किंवा कोणत्या लिंकवर, एवढं स्क्रीनशॉटमध्ये दिसलं पाहिजे. मजकूर अश्लील असेल तर तो कोणालाही ‘दाखवायला’ म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नये. फोन तसाच ठाण्यात न्यावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, तिथे स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकून परत येऊ नये. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे बाधित व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, की असं खासगी चित्र काढून टाकायला माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी त्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती. तेव्हा ‘ते काय ऐकणार’ असं म्हणत बसू नये. आणि अजून पसरलेलं नाही, फक्त धमकी आहे, अशा वेळी ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सोय उपयोगी पडते. मुलगी सज्ञान असेल तर ती स्वतःच्या फोनवरून त्या चित्राचा फक्त सांकेतिक ठसा तिथे नोंदवते. चित्र फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी ॲप तो ठसा जुळला की चित्र रोखतात. हे एवढं एका पानावर छापून मंडळाच्या फलकावर लावलं, तर कोणत्याही परिपत्रकापेक्षा जास्त मुली ते वाचतील, आणि मुलंही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ते परिपत्रक लेखी मागे घ्यावं आणि त्याच यादीला पाठवावं, ज्या यादीला ते गेलं. पुढच्या वर्षी मुलींचा नाच ठरल्याप्रमाणे व्हावा. त्यातल्या दोघींनी नावं काढून घेतली आहेत, त्यांच्या घरी जाऊन अध्यक्षांनी स्वतः बोलावं, पेढे न नेता. प्रेक्षकांतून चित्रण कोणी करावं याचा नियम मंडळाने करावा आणि तो सगळ्यांना लागू असावा, पहिल्या रांगेतल्या प्रायोजकांनाही. क्लिप बनवणाऱ्याचं आणि ती पुढे पाठवणाऱ्यांचं सभासदत्व काय करायचं ते मंडळाच्या घटनेप्रमाणे ठरवावं, बंद खोलीत नाही. महिला शाखेने दोन बायका आणि एक पुरुष अशी तीन माणसं नेमावीत, ज्यांच्याकडे कोणत्याही वेळी फोन करता येईल आणि जी पहिल्या वाक्यात ‘तू कशाला’ असं विचारणार नाहीत. मी त्यांच्याबरोबर ठाण्यात यायला तयार आहे, फी न घेता.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत क्रमांक देऊन घ्यावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात तो ढकलू नये. तोपर्यंत अर्धी सभा वडा-कॉफीला गेलेली असते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद, इंदूर